खुर्ची बदलली, चार्ज कोणी मोजून घेतला?

आमच्या बँकेत मॅनेजरची बदली झाली की नवा माणूस आधी खुर्चीत बसत नाही. जुना आणि नवा दोघे मिळून स्ट्राँगरूममध्ये जातात, रोकड मोजतात, तारणाच्या सोन्याच्या पिशव्या यादीशी ताडून पाहतात आणि किल्ल्यांची देवाणघेवाण करतात. चार्ज रजिस्टरवर दोघांच्या सह्या झाल्या, की मग हार, पेढे आणि निरोपाची भाषणे. वीस वर्षे आम्ही हे पाहत आलो आहोत. कितीही सज्जन मॅनेजर असो, मोजल्याशिवाय कोणी सही करत नाही आणि त्यात कोणाला अपमानही वाटत नाही.

हे सांगण्याचे कारण असे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा ‘शांती’ कायदा मंजूर केला. 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा दायित्व कायदा हे दोन्ही त्याने मागे सारले. आजवर सरकारच्या मुठीत असलेल्या या क्षेत्रात आता परवाना घेऊन खासगी कंपन्यांना उतरता येईल आणि अणुइंधन घडवण्याचे कामही त्या परवान्याच्या यादीत आले आहे. कंपन्या आल्या की त्यांचे चेअरमन येतील आणि जातील. वर्तमानपत्रांत नव्या साहेबांचे फोटो छापले जातील. आपण उद्यमबागेच्या लोकांनी मात्र एकच प्रश्न विचारायचा: चार्ज कोणी, काय मोजून घेतला?

उद्यमबागेला याच्याशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पण आपल्याच राज्यात उत्तर कन्नड जिल्ह्यात कैगा येथे 220 मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या चालतात. त्यांचे इंधन हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनते. युरेनियम ऑक्साईडच्या छोट्या गोळ्या दाबून, भाजून, घासून अचूक मापात आणतात, त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरून नळ्यांची तोंडे वेल्डिंगने बंद करतात. अशा 19 नळ्यांचे एक जुडगे, लांबी सुमारे अर्धा मीटर. एका भट्टीत 306 वाहिन्या, प्रत्येकीत 12 जुडगी, म्हणजे एकूण 3672. त्यातली एक नळी गळली तरी आतले किरणोत्सारी द्रव्य भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्यात उतरते. ओतशाळा आणि सीएनसी मशिनवर आयुष्य काढलेल्या आपल्या माणसांना मायक्रॉनची किंमत वेगळी सांगायला नको. उद्या या क्षेत्राचे जॉबवर्क उद्यमबागेत आले तर नवल वाटू नये.

आता इतिहास पाहू. ट्रॉम्बे येथे 1959 मध्ये देशातला पहिला इंधनदंड तयार झाला. 24 जानेवारी 1966 रोजी डॉ. होमी भाभा विमान अपघातात गेले. विक्रम साराभाई आले, तेही 30 डिसेंबर 1971 रोजी अचानक गेले. त्याच 1971 साली हैदराबादचा कारखाना उभा राहत होता. इंधन आणि धातुशास्त्राच्या कामाचा पाया घालणारे डॉ. ब्रह्मप्रकाश 1972 मध्ये तिरुअनंतपुरमच्या अवकाश केंद्राची धुरा सांभाळायला गेले. सहा वर्षांत इतकी मोठी माणसे जागेवरून हलली, तरी काम थांबले नाही. कारण हाताखाली तयार केलेली माणसे होती आणि काम एका माणसाच्या डोक्यात अडकलेले नव्हते.

याची उलट बाजूही आहे. इंग्लंडमधील सेलाफिल्ड येथे बीएनएफएल ही कंपनी जपानसाठी इंधन बनवत असे. यंत्राने मोजलेल्या गोळ्यांपैकी काही गोळ्या कामगारांनी पुन्हा हाताने मोजून व्यास नोंदवायचा, असा नियम होता. 1999 मध्ये उघडकीस आले की काही जणांनी मोजमाप न करता आधीच्या लॉटचे आकडेच उतरवून काढले होते. फेब्रुवारी 2000 मध्ये कंपनीचे मुख्य कार्यकारी जॉन टेलर यांना राजीनामा द्यावा लागला. जपानला पोहोचलेले इंधन 2002 मध्ये परत इंग्लंडला आणावे लागले.

त्याच 1999 सालची दुसरी घटना जपानमधील तोकाइमुरा येथील. तिथे जेसीओ नावाची परवानाधारक इंधन कंपनी होती. ठरलेली पद्धत वेळखाऊ म्हणून युरेनियमचे द्रावण स्टीलच्या बादल्यांनी हाताळण्याची चाल कारखान्यातच पडली होती आणि कंपनीच्या आतल्या कार्यपुस्तिकेने तिला मान्यताही दिली होती, सरकारची परवानगी मात्र कोणी घेतली नव्हती. 30 सप्टेंबर रोजी टाकीत 2.4 किलोची मर्यादा असताना सुमारे 16 किलो युरेनियम गेले आणि अणुसाखळी सुरू झाली. तिघांपैकी दोन कामगार पुढे दगावले. 2000 मध्ये परवाना रद्द झाला आणि 2003 मध्ये कारखानाप्रमुखासह सहा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले.

बीएनएफएल सरकारी मालकीची होती, जेसीओ खासगी उद्योगसमूहाची. त्यामुळे सरकारी चांगले की खासगी, या वादात आपल्या लोकांनी अडकू नये. दोन्ही ठिकाणी परवाना भिंतीवर होता, साहेब खुर्चीत होते आणि रजिस्टर खोटे पडले होते. साहेब बदलला म्हणून रजिस्टर आपोआप खरे होत नाही. नव्या साहेबाने पहिल्याच दिवशी विचारले पाहिजे, की तपासणीत मागच्या वर्षी किती माल नापास झाला आणि नापास करणाऱ्याची बदली तर झाली नाही ना?

म्हणून आमच्या मागण्या तीन. परवानाधारक कंपनीचा प्रमुख बदलताना अपूर्ण दुरुस्त्या, नापास मालाच्या नोंदी आणि बदललेल्या कार्यपद्धती यांची लेखी यादी नियामक मंडळाकडे गेलीच पाहिजे. तपासनीस हा उत्पादन साहेबाच्या हाताखाली नसावा. आणि सुरक्षेच्या सूचना कामगाराला समजणाऱ्या भाषेत हव्यात. उद्यमबागेत मशिनपुढे उभा राहणारा मराठीही बोलतो आणि कन्नडही. तोकाइमुराच्या कामगारांना धोका नीट शिकवलाच गेला नव्हता, हे विसरता येणार नाही. इथे भाषेचा प्रश्न मानाचा आहेच, पण त्याआधी तो जिवाचा आहे.

शेवटी घरचे बोलू. आपल्या जुन्या घराण्यांतले कारखानेही आता वडिलांकडून मुलांकडे जात आहेत. कर्जाचे नूतनीकरण करताना आम्ही पाहतो, मुलगा नवे मशिन घेण्याविषयी तासभर बोलतो, पण परत आलेल्या मालाचे रजिस्टर मागितले की वडिलांकडे पाहतो. वडिलांनी त्याच्या शेजारी बसून ते रजिस्टर पानापानाने वाचून दाखवावे आणि मगच किल्ल्या द्याव्यात. संघटनेच्या पुढील बैठकीत वरील तिन्ही मागण्यांचा ठराव मांडून तो आपल्या खासदारांकडे पाठवावा, अशी सर्व सभासदांना आमची विनंती आहे.