तिकिटावर चित्र आलं, बाईचं नाव कुठंय?

टपालाच्या तिकिटावरच्या चित्राचा हक्क कुणाचा, हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही जणींना वाटेल. रेशन, पाणी, मारहाणीच्या केसेस यांतून वेळ उरला तर तिकिटं बघायची! पण दौंड तालुक्यात राहू आणि आसपासच्या वस्त्यांवर बचत गटांचं काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे आला, आणि तो कायद्याचा कमी, बाईच्या कामाचा जास्त वाटू लागला.

राहू बेट म्हणजे उसाचा पट्टा. इथल्या एका अंगणवाडीची भिंत आमच्या गटातल्या एका बाईने रंगवली. गेरू, चुना आणि कुणाच्या तरी घरचा उरलेला ऑइलपेंट. डोक्यावर मोळी घेतलेल्या ऊसतोडणीच्या बाया, बांधाला झोळीत मूल. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. पुढे एका संस्थेच्या फोटोग्राफरने भिंतीचा फोटो काढला आणि संस्थेने त्याची तिकिटं करून घेतली. २०११ सालापासून पोस्टाची ‘माय स्टॅम्प’ योजना आहे. पैसे भरले की ठरलेल्या तिकिटाला जोडून आपलं चित्र छापून मिळतं. ती तिकिटं फ्रेम करून पाहुण्यांना दिली. खाली नाव संस्थेचं आणि फोटो काढणाऱ्याचं. बाई आधी खूश झाली. ‘ताई, माझी भिंत पोष्टात गेली,’ म्हणाली. मग खालची अक्षरं माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाली, ‘ह्यांनी फोटो काढला, मान्य. पण काढला कशाचा?’

नेमक्या याच प्रश्नावर अमेरिकेत काही वर्षं खटला चालला. वॉशिंग्टनला कोरियाच्या युद्धाचं स्मारक आहे. त्यातले १९ सैनिकांचे पुतळे फ्रँक गेलॉर्ड या शिल्पकाराने घडवले. बर्फ पडत असताना जॉन अ‍ॅली यांनी त्यांचा फोटो काढला आणि २००३ साली तो तिकिटावर आला. टपाल खात्याने अ‍ॅलींना १,५०० डॉलर दिले. गेलॉर्डना विचारलंसुद्धा नाही. ते २००६ साली कोर्टात गेले, आधी हरले, २०१० साली अपिलात जिंकले, आणि २०१३ साली त्यांना सुमारे ६ लाख ८५ हजार डॉलर मंजूर झाले. म्हणजे फोटो काढणाऱ्याला पैसे दिले की ज्याचा फोटो काढला त्याचा हिशेब संपला, हे कोर्टाने मानलं नाही.

दुसरी केस तर गमतीची. तिकिटासाठी निवडलेला स्वातंत्र्यदेवतेचा फोटो न्यूयॉर्कचा नव्हताच, लास वेगासमधल्या एका हॉटेलबाहेरच्या प्रतिकृतीचा होता. तिचे शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन यांना २०१८ साली सुमारे ३५ लाख डॉलर मिळाले. चेहरा घडवताना आपण सासूबाईंचा फोटो समोर ठेवला होता, असं त्यांनी सांगितलं होतं. सासूबाईंचं नाव मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. (आपलं लक्ष नेमकं तिकडेच जातं, त्याला इलाज नाही.)

आपल्याकडे काय? १९५७ चा कॉपीराइट कायदा सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो छापायला मोकळीक देतो, त्यामुळे गेलॉर्डसारखी केस इथे टिकणं अवघड. पण ही मोकळीक रंगवलेल्या चित्राला नाही. अंगणवाडीची भिंत सरकारी असली तरी तेवढ्यावरून तिच्यावरचं चित्र सरकारचं होत नाही. नोंदणी लागत नाही. हक्क करणारीचा, तिच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी, आणि मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षांचाच धरला जातो. शिवाय कलम ५७ प्रमाणे हक्क विकला तरी ‘हे मी केलं’ म्हणण्याचा अधिकार राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ साली उतरवून टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कायदा आहे, यात शंका नाही. पण या तिन्ही केसेसमध्ये लढणारे पुरुष होते, नावाजलेले होते, वर्षानुवर्षं वकील लावू शकणारे होते. आमच्या बाईचा पुण्याला एक खेटा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली.

२०१२ साली आपल्या टपाल खात्याने वारली चित्रकलेचं तिकीट काढलं. वारली घरात लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहायच्या त्या सवाशिणी. लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच. १९७०च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आलं, त्याला बाजार आला, आणि तेव्हा जगाला पहिलं नाव कळलं ते जिव्या सोमा म्हसे यांचं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण खरंच आहे. पण त्याआधीच्या किती पिढ्यांच्या बाया नावाशिवाय गेल्या? वारलीला पुढे भौगोलिक निर्देशन मिळालं, तेही समाजाच्या कलेला, एकेका बाईच्या हाताला नाही. १९९८ साली सावित्रीबाईंचं तिकीट निघालं याचा आपल्याला अभिमान आहेच. बाईचा चेहरा तिकिटावर येतो, बाईच्या हातचं काम मात्र ‘लोककला’ या नावाखाली येतं.

बैठकीत एक मैत्रीण म्हणाली, ‘जात्यावरची ओवी कुणाची असते? आपणही मालकी-मालकी करायला लागलो तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?’ तिचं म्हणणं मला अर्धंच पटतं. ओवी उचलणारी दुसरी बाई असते आणि तीही दळतच असते. इथे उचलणारी संस्था आहे, तिच्याकडे लेटरहेड आहे आणि त्या फ्रेमच्या जोरावर तिला देणग्या मिळतात.

गटाने संस्थेला पत्र लिहिलं. ‘आम्ही तर कौतुकच केलं,’ असं उत्तर आलं. बायकांच्या कामाला कौतुक पुरतं, ही समजूत जुनीच. आमच्यातल्याही काही जणी म्हणाल्या, नाव द्या, पैसे नकोत. मला हे मान्य नाही. फोटोग्राफरला मानधन मिळालं असेल तर भिंत रंगवणारीलाही मिळालं पाहिजे, आणि ते मागताना आपण ओशाळं होऊ नये.

टपाल खात्याकडे मागणी अशी करावी, की हयात कलाकाराचं चित्र घेताना लेखी परवानगी घ्यावी, मोबदला द्यावा, आणि तिकिटाबरोबरच्या माहितीपत्रकात तिचं नाव आणि गाव छापावं. ‘माय स्टॅम्प’साठी चित्र देणाऱ्याकडून मूळ चित्र कुणाचं, हेही लिहून घ्यावं. आपल्या गटांपुरतं बोलायचं तर भिंत रंगवली की कोपऱ्यात त्याच रंगाने नाव, गाव, साल घालायचं आणि त्यासकट फोटो काढून गटाच्या दप्तरात ठेवायचा. कुणी चित्र मागितलं तर द्यायच्या परवानगीपत्राचा एक पानी मसुदा मी केला आहे. पुढच्या बैठकीला आणते. ज्यांच्या गावात गोधड्या, रांगोळ्या, मातीकाम यांचे फोटो असेच उचलले गेलेत, त्यांनी आपली हकीकत लिहून आणावी, म्हणजे मसुद्यात काय राहिलंय ते कळेल.