काटकसर बॅटरीची

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूरकरांना जे अनेक धडे दिले, त्यांतील एक विजेचा होता. पुराचे पाणी चढताच अनेक भागांतील वीजपुरवठा खंडित झाला आणि घराघरांतून लॅपटॉपच्या बॅटरीतील उरलेले टक्के मोजले जाऊ लागले. ऐन वेळी बॅटरी दगा देते तेव्हा दोष त्या दिवसाच्या वापराला दिला जातो. वस्तुतः त्याचे मूळ बहुधा मागील दोन-तीन वर्षांच्या सवयींत दडलेले असते.

‘बॅटरी टिकणे’ या शब्दप्रयोगात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. एकदा चार्ज केल्यावर यंत्र किती तास चालते ही एक, आणि बॅटरी किती वर्षे उपयोगी पडते ही दुसरी. पहिलीचे उपाय सर्वश्रुत आहेत : पडद्याचा उजेड कमी ठेवावा, नको असलेले प्रोग्रॅम बंद करावेत. दुसरीविषयी मात्र अज्ञानच फार आहे.

घरातील इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी सदैव भरलेली ठेवावी लागते. अर्धवट राहिली तर ती खराब होते. हाच नियम लॅपटॉपला लावला जातो आणि तेथेच फसगत होते. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीचा स्वभाव नेमका उलट आहे. पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता एकत्र आली की तिच्यातील रासायनिक झीज वेगाने होते, व गेलेली क्षमता परत येत नाही. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीप्रमाणे तिला अधूनमधून पूर्ण रिकामी करण्याचीही गरज नसते. म्हणून दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्या कारकुनाने, यंत्रात सोय असल्यास, ८० टक्क्यांची मर्यादा घालून ठेवावी. विद्यार्थ्याने गादीवर लॅपटॉप ठेवून हवेची वाट अडवू नये. शिक्षकाने मे महिन्याच्या सुटीत तो बंद ठेवायचा झाल्यास निम्मा चार्ज करून थंड जागी ठेवावा. अर्थात, पुराचा इशारा मिळाला किंवा दुसऱ्या दिवशी प्रवास असला, तर बॅटरी खुशाल पूर्ण भरावी. बॅटरी माणसासाठी आहे, माणूस बॅटरीसाठी नव्हे.

परंतु सारा भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. कितीही जपली तरी बॅटरी एक दिवस थकणारच. अशा वेळी ती सहज बदलता आली नाही, तर मध्यमवर्गीय कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन घेतलेले सुस्थितीतील यंत्रही अडगळीत जाते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमावलीने, फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील बॅटरी सामान्यतः ग्राहकालाच काढता-घालता यावी, असे बंधन उत्पादकांवर घातले आहे. भारतात २०२२ च्या नियमांनी टाकाऊ बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, हे योग्यच झाले. पण टाकलेली बॅटरी परत घेण्याइतकेच, बॅटरीपायी यंत्र टाकावे लागू नये हेही महत्त्वाचे आहे. शाळा-महाविद्यालयांनी लॅपटॉप खरेदी करताना बॅटरी बदलण्याच्या सोयीची अट घातली, तर त्या दिशेने पहिले पाऊल पडेल. जपून वापरणे हे ग्राहकाचे कर्तव्य असेल, तर जपता येईल अशी वस्तू मिळणे हा त्याचा हक्क आहे.