चिखल खरा, काजवा खोटा : किहीमच्या खोप्याची गोष्ट

१/
सुगरण पक्ष्याविषयी एक कथा भारतात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. हा पक्षी खोप्याच्या आत ओल्या चिखलाचे गोळे लावतो, त्यांत जिवंत काजवे रोवतो आणि रात्री घरात उजेड करतो. कथा गोड आहे आणि तिचा अर्धा भाग खराही आहे. खोप्यात चिखल खरोखरच सापडतो. खोटा आहे तो काजव्याचा दिवा. खऱ्या अर्ध्याच्या आधाराने खोटा अर्धा कसा तगून राहतो, हे समजण्यासाठी अलिबाग तालुक्यातील किहीम या गावापर्यंत यावे लागते.

२/
त्याआधी थोडे मागे. १७९० साली ‘एशियाटिक रिसर्चेस’ या कलकत्त्याच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात दिल्लीच्या अथर अली खान यांचा ‘बाया’ म्हणजे सुगरण पक्ष्यावरील लेख प्रसिद्ध झाला. त्यात काजव्याची ही कथा आहे. खोप्यात काजवे सापडतात, हे लेखकाने निःसंशय मानले. मात्र उजेडाचा या पक्ष्याला फारसा उपयोग नाही, तेव्हा तो काजवे खात असावा, असा तर्कही त्याने केला.

३/
ही शंका मोलाची आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा एक लेखक लोककथा जशीच्या तशी स्वीकारीत नाही. तिचे कारण पटते का, हे विचारतो. परंतु त्याची शंका कथेच्या हेतूपाशी थांबते, घटनेपर्यंत जात नाही. काजवे ‘कशासाठी’ हा प्रश्न त्याने विचारला. ‘चिखलात काजवे रोवताना कोणी पाहिले?’ हा प्रश्न विचारला नाही.

४/
पुढची पायरी थॉमस जर्डन यांची. मद्रासच्या सैन्यातील हे डॉक्टर. त्यांचा ‘बर्ड्‌स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला. जर्डन यांनी अनेक खोपे तपासले. एका खोप्यात त्यांना सहा निरनिराळ्या ठिकाणी मिळून सुमारे तीन औंस चिखल आढळला. चिखल केव्हा लावला जातो आणि कोठे, हे पाहून त्यांनी अनुमान काढले की त्यामुळे खोप्याचा तोल राहत असावा व तो वाऱ्याने हेलकावत नसावा.

५/
तीन औंस म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम. सुगरण पक्ष्याचे स्वतःचे वजन तिसाच्या आत-बाहेर ग्रॅम. म्हणजे आपल्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट चिखल या चिमुकल्या जीवाने चोचीने वाहून आणला होता. हा आकडा काजव्याच्या कथेपेक्षा अधिक विस्मयकारक आहे. शास्त्र चमत्कार हिरावून घेते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. येथे तर मोजमापाने एक खोटा चमत्कार जाऊन त्याच्या जागी खरा आला.

६/
तरीही जर्डन यांच्या पुराव्याला मर्यादा होती. तपासलेला खोपा ही थांबलेली वस्तू असते. अर्धवट सोडलेले खोपे नर स्वतःच्या विश्रांतीसाठी बांधतो, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता व जर्डन यांनीही त्याची नोंद केली आहे. तो समज खरा की खोटा, हे खोपा उघडून कळणारे नव्हते. त्यासाठी बांधणाऱ्याला बांधताना पाहणे आवश्यक होते. आणि त्यासाठी लागणारी गोष्ट म्हणजे वेळ.

७/
हा वेळ एका बेकार माणसाकडे होता. सालिम अली हे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता होते. बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले, तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला, समुद्राकाठच्या घरात राहावयास गेले. मुंबई बंदराच्या पलीकडचे हे गाव त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले.

८/
घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली तिच्याजवळ तासन्‌तास बसून राहिले. कोणता खोपा केव्हा सुरू झाला, कोण विणतो, कोण येते, कोण जाते, याच्या नोंदी त्यांनी केल्या. हे काम दिसायला काहीच नाही. दुर्मीळ पक्षी नाही, दुर्गम अरण्य नाही. कोकणातल्या कोणाही शेतकऱ्याने बांधावरून रोज पाहिलेला पक्षी. फरक इतकाच की येथे पाहणारा आधीपासून ठाऊक असलेले उत्तर घेऊन बसला नव्हता.

९/
त्यांना दिसले ते असे. खोपा विणतो तो नर. तो निम्म्यापर्यंत बांधून होतो, त्या अवस्थेत त्याचा आकार शिरस्त्राणासारखा दिसतो. मग माद्या येतात आणि अर्धे बांधलेले खोपे पारखतात. मादीने खोपा पसंत केला की तिचे त्या नराशी जुळते. त्यानंतर नर अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. मादी अंडी उबवावयास बसते आणि नर जवळच दुसरा खोपा आरंभतो, दुसऱ्या मादीसाठी.

१०/
अर्धवट खोप्यांचे कोडे येथे सुटले. ते नराचे विश्रांतिगृह नव्हते. बहुतेक ते माद्यांनी नापसंत केलेले खोपे होते! हजारो लोकांनी पाहिलेल्या वस्तूचा अर्थ एका पावसाळ्याच्या सलग निरीक्षणाने उलटा झाला. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात १९३१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि नोकरी गमावलेल्या त्या माणसाचे नाव पक्षिशास्त्रात रुजू लागले.

११/
मराठी वाचकाला या शोधात आणखी एक गंमत दिसेल. ‘सुगरण’ हा शब्दच स्त्रीलिंगी. गृहकृत्यात निपुण बाई ती सुगरण. घर सुबक, तेव्हा ते बाईनेच केलेले असणार, असा निष्कर्ष पक्ष्याकडे न पाहता भाषेनेच काढून ठेवला होता. नावात दडलेला समज सर्वांत चिवट असतो, कारण तो समज आहे हेच कोणाच्या ध्यानी येत नाही.

१२/
यावर कोणी बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेतील सुगरणीला खोटे ठरवू लागेल, तर तो अरसिकपणा होईल. कवितेतील ती पक्षीण माणसाच्या घराविषयी आणि आईच्या मायेविषयी बोलते. ते सत्य खोप्याजवळ बसून तपासण्याच्या जातीचे नाही. शास्त्रीय विचाराची पहिली शिस्त हीच : कोणते विधान घटनेविषयी आहे आणि कोणते भावनेविषयी, हे ओळखणे. काजव्याचा दिवा हे घटनेविषयीचे विधान आहे. म्हणून त्याला पुरावा मागता येतो.

१३/
आणि तो पुरावा घरबसल्याही थोडा तपासता येतो. सह्याद्रीत आणि कोकणात काजव्यांचा बहर मेच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंत, पावसाच्या तोंडावर. सुगरण पक्ष्यांची वीण पाऊस स्थिरावल्यावर. दिवे लागावयाचे तेव्हा दिव्यांचा हंगाम बहुतांशी सरलेला असतो. शिवाय दिवसा वावरणारा हा पक्षी रात्री झोपतो. खोप्यांजवळ खरोखर बसलेल्या अभ्यासकांना चिखल दिसला, दिवा दिसला नाही.

१४/
तिघांच्या तीन पायऱ्या आता शेजारी ठेवून पाहाव्यात. अथर अली खान यांनी विचारले, ‘हे पटते का?’ जर्डन यांनी विचारले, ‘हे किती आहे आणि कोठे आहे?’ सालिम अलींनी विचारले, ‘हे घडताना कोण पाहतो?’ रोजच्या आयुष्यात येणारी माहिती पारखावयास याहून मोठे शास्त्र लागत नाही. जर्डन यांनी आपल्या अनुमानाला अनुमान म्हटले, हीही त्यातलीच शिकवण. तर्काला तर्क म्हणूनच पुढे द्यावे.

१५/
ही शिस्त पक्षिनिरीक्षकांची हौस नव्हे. तिच्या अभावाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील होते. त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर मुले पळवल्याच्या अफवा फिरत होत्या.

१६/
त्या वर्षी देशभर अशा अफवांबरोबर जी दृश्ये फिरली, त्यांतील एक चित्रफीत कराचीची होती. मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारी माणसे तीत दिसत. मूळ चित्रफीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. शेवटी मूल परत केले जाते व संदेशाचा फलक दाखवला जातो. तो शेवट कापून टाकण्यात आला. दृश्य खरोखर चित्रित झालेले, अर्थ मात्र बाहेरून चिकटवलेला. चिखल खरा, काजवा खोटा.

१७/
घातक असत्य बहुधा असेच असते. निखळ खोटे लवकर उघडे पडते. जे टिकते त्याच्या बुडाशी खऱ्याचा एक गोळा असतो : खरे छायाचित्र, खरे गाव, खरी तारीख, कोणा डॉक्टरचे खरे नाव. ‘फोटो आहे ना, मग खोटे कसे?’ असे म्हणणारा माणूस मूर्ख नसतो. तो चिखलाला हात लावून पाहतो, तो ओला लागतो, आणि म्हणून तो काजव्यावरही विश्वास ठेवतो. तेव्हा ‘यात खरे काही आहे का?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘यातले नेमके किती खरे ठरले आहे?’ असे विचारावयास हवे.

१८/
यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक संदेशासाठी कोण पावसाळाभर बसून राहणार? कोणीच नाही, सालिम अलींनीही जगातील प्रत्येक गोष्ट स्वतः तपासली नव्हती. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबल्याखेरीज जगणे अशक्य आहे. परंतु विसंबण्यापूर्वी ‘तुला हे कसे कळले?’ एवढे विचारता येते. ज्याच्याकडे नोंद आहे त्याचा शब्द आणि ज्याच्याकडे केवळ पुढे ढकललेला संदेश आहे त्याचा शब्द, यांचे वजन एक नाही. उत्तर मिळेपर्यंत संदेश पुढे न पाठवण्याला तर वेळही लागत नाही.

१९/
आणि जेथे वेळ आहे, तेथे तपासूनही पाहावे. कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या भागात बांधले यावरून पावसाचे भाकीत सांगण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. एखाद्या शाळेने मे महिन्यात गावातील वीस घरटी वहीत नोंदवावीत, भाकीतही आधीच लिहून ठेवावे, आणि सप्टेंबरअखेर पर्जन्यमापकाशी ताडून पाहावे. असे पाच-सात वर्षे. भाकीत खरे ठरो वा खोटे, त्या मुलांना आपल्या आठवणी कशा फसवतात हे कळेल. जुळलेले वर्ष लक्षात राहते, न जुळलेले वही लक्षात ठेवते. पेरणीचा निर्णय अशा भाकितावर घेऊन दुबार पेरणीची पाळी आलेल्या घराला या वहीची किंमत कळेल.

२०/
भारतीय राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे; ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. कर्तव्य हा शब्द जड वाटतो. किहीमच्या त्या पावसाळ्यात तो फार साधा दिसतो : सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीजवळ जाऊन बसणे, दिसेल तेवढेच लिहिणे, आणि जे दिसले नाही ते दिसले असे न म्हणणे.