टायर घासतोय? आधी त्याचं ऐका!

कॉलेज सुटलंय, गाडीत पाच जण कोंबलेत. खांदा कॉलनीतला पहिलाच स्पीडब्रेकर येतो आणि मागच्या चाकातून ‘खर्रर्र’! क्षणभर सगळे गप्प. मग मागून कोणीतरी ओरडतं, "अरे, दोघं उतरा, पुढे जाऊन बसा!" महिन्यापूर्वी हौसेनं ‘डाऊन’ केलेल्या गाडीची ही नेहमीची गोष्ट. हशा पिकतो, आवाज मात्र तसाच राहतो.

खाली बसलेली गाडी झक्कास दिसते, हे मान्य. हौसेला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो ‘थोडं घासणारच, सवय होईल’ या उत्तराला.

जरा हिशेब करू. साध्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स 160-170 मिलिमीटरच्या आसपास असतो. दोन इंच खाली घेतली की उरतात 110-120. त्यात पाच जण बसले की आणखी कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे बांधलेला गोल स्पीडब्रेकरसुद्धा 100 मिलिमीटर उंच असतो, आणि तो 3.7 मीटर रुंद असावा लागतो. आपल्या गल्लीतला ब्रेकर असं माप लावून बांधलेला असतो का, ते तुम्हीच सांगा. शिवाय चाकाला वर जायला जी जागा होती, तीच आपण कमी केलेली असते. मग टायर जाणार कुठे? मडगार्डच्या कडेला नाहीतर आतल्या प्लास्टिकच्या लायनरला लागणारच.

म्हणून हातोडी उचलण्याआधी टायर घासतोय कुठे ते शोधा. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि लायनरला खडू लावा. नेहमीइतकी माणसं बसवून हळू ब्रेकरवरून जा. मग स्टेअरिंग फुल लॉक करून एक चक्कर मारा. खडू जिथे पुसला गेला, तिथे टायर लागतो. टायर कंपनीच्या मापापेक्षा रुंद असतील किंवा अलॉय चाकाला बाहेर ढकलत असेल, तर मूळ मापावर परत या. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं. मडगार्डची कड ठोकून आत वळवता येते, पण तिथला रंग तडकला की पनवेलच्या पावसात गंज धरलाच म्हणून समजा.

घासण्याचा आवाज वेगळा आणि ‘टक-टक’ वेगळी. स्वस्तात काम व्हावं म्हणून स्प्रिंग कापली असेल, तर गाडी जॅकवर घेऊन बघा. चाक लोंबकळलं की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होते. खड्ड्यातही तेच होतं, आणि ती आदळते. यावर ग्रीस किंवा रबराचा तुकडा हा इलाज नाही. त्या मॉडेलसाठी बनवलेली स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉकअप बसवणं हाच इलाज. गॅसनं तापवून स्प्रिंग बसवू तर अजिबात देऊ नका, पोलादाचा ताणच जातो. लिंक रॉडचा कोन बिघडला तरी खडखड होते. करकर येत असेल तर बुशचे बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळले होते का, ते मेकॅनिकला विचारा. ते चाकं जमिनीवर टेकवून आवळायचे असतात, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट हवीच. गाडी खाली आली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात आणि टायरची आतली कड झिजू लागते. ती उभ्यानं दिसत नाही, वाकून बघावी लागते.

एवढा आग्रह कशासाठी? कारण आपल्या दाराशी, कळंबोलीलाच एक्स्प्रेस वे सुरू होतो. गल्लीत जो टायर नुसता ‘खर्र’ करतो, तोच तिथे शंभरच्या वेगात धावणार असतो. बाजू घासून कमजोर झालेला टायर तिथे फुटला, तर गाडीत तुम्ही एकटे नसता.

आणखी एक. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेल्या कलम 182ए(4) नुसार, नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ही शिक्षा आहे गाडीच्या मालकाला. एमएच 46 च्या त्या आरसी बुकावर नाव कोणाचं आहे? बहुतेकांच्या बाबतीत बाबांचं! बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर क्लेम अडकला की धावपळही त्यांचीच.

तेव्हा हौस करायचीच, तर घरी सांगून, नियम बघून आणि पूर्ण खर्च धरून करा. पैसे कमी पडत असतील तर थांबा. आणि गाडीच्या मूळ स्प्रिंगा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, घरी आणून ठेवा. घासणं थांबलंच नाही तर त्या परत बसवता येतात. कापलेली स्प्रिंग मात्र पुन्हा वाढत नाही.