सहलीतील एक महागडे जेवण

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की पूर्णा जंक्शनच्या फलाटावर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. शाळेतील शिक्षक, तहसील कचेरीतील कारकून, रेल्वेतील कर्मचारी बायकामुलांसह मुंबईकडे आणि तेथून पुढे कोकण-गोव्याकडे निघालेले असतात. सामानात एक पिशवी हमखास असते. तीत धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलेली असते. ही शिदोरी पहिल्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी संपते. पुढचे दिवस खानावळीच्या आधाराने निघतात. अशाच एका संध्याकाळी, समुद्रकिनाऱ्यावरील एखाद्या तारांकित हॉटेलच्या दिव्यांकडे पाहून मुलगी विचारते, "बाबा, एकदा इथे जेवायचं का?" आणि या साध्या प्रश्नाने कर्त्या माणसाची मोठी पंचाईत होते.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, ही निव्वळ उधळपट्टी आहे. पोट दोनशे रुपयांतही भरते. दुसरा पक्ष म्हणतो, पुन्हा कधी येणार आहोत आपण? पहिल्या पक्षाला काटकसरीचा अभिमान असतो, दुसऱ्याला हौसेचा. वस्तुतः दोघांनीही हिशेब केलेला नसतो. महागडे जेवण सर्वस्वी त्याज्य नाही आणि सर्वस्वी इष्टही नाही. ते योग्य की अयोग्य हे त्याच्या किमतीइतकेच तो निर्णय कोठे झाला आणि कोणी केला यावर अवलंबून असते.

प्रथम आकडे मांडावेत. उदाहरणादाखल असे धरू की, अशा हॉटेलात माणशी २,५०० रुपये पडतात. चौघांचे १०,००० रुपये झाले. ज्या हॉटेलात खोलीचे एका दिवसाचे भाडे साडेसात हजारांहून अधिक असते, तेथील जेवणावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. म्हणजे बिल ११,८०० रुपयांचे झाले. महाराष्ट्रात जानेवारी २०२३ पासून प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाचे मानधन दरमहा १६,००० रुपये ठरले. त्या मानधनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग एका रात्रीच्या जेवणात खर्ची पडला. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग-खर्च पाहणीनुसार देशाच्या नागरी भागात माणशी मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता. चौघांच्या कुटुंबाचा तो सुमारे २८,००० रुपये होतो. त्याच्या चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम दोन तासांत संपते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर दोनशे रुपयांच्या थाळीने हीच रक्कम चौघांना चौदा वेळा पुरते. सहलीतील पूर्ण एका आठवड्याची दोन्ही वेळची जेवणे तीत होतात. प्रश्न "जेवावे की न जेवावे" असा नसून "एक जेवण की एक आठवडा" असा आहे. अर्थशास्त्र ज्याला पर्यायी त्यागाची किंमत म्हणते ती हीच.

बिलाबाबत आणखी एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. कित्येक ठिकाणी कराखेरीज "सेवा शुल्क" म्हणून काही टक्के रक्कम परस्पर जोडली जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून ही सक्ती गैर ठरविली. उपाहारगृहांच्या संघटनांनी त्यांना आव्हान दिले. परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना ग्राह्य ठरविल्या. सेवेवर खूश होऊन काही देणे ही ग्राहकाची मर्जी आहे, हॉटेलचा हक्क नव्हे. मात्र परगावच्या झगमगाटात संकोचलेला माणूस बिलाकडे नीट पाहतही नाही, आणि हा संकोच महागात पडतो.

आलोच आहोत तर

हॉटेलच्या दारात उभे असताना मनात येणारा सर्वांत घातक विचार म्हणजे "एवढे आलोच आहोत तर". राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र दर्शनासाठी चार वर्षांच्या गटात एकदा रजा प्रवास सवलत मिळते, रेल्वे कर्मचाऱ्याला पास मिळतो. त्यामुळे भाड्याचा भार हलका होतो. परंतु जेवणाचा पैसा ज्याचा त्यानेच द्यायचा असतो. तरीही भाडे वाचले म्हणून तो पैसा जणू वरकड मिळाला आहे, असे मन धरून चालते. उलट ज्याने भाड्यावर बराच खर्च केला आहे तोही म्हणतो, वीस हजार गेलेच आहेत, आणखी दहा जाऊ द्या. एकाचे पैसे वाचले म्हणून तो खर्च करतो, दुसऱ्याचे गेले म्हणून. झालेला खर्च परत येत नाही आणि वाचलेला पैसा इतर पैशाहून वेगळा नसतो, ही दोन साधी सत्ये दोघेही विसरतात.

रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाला २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनातल्या मनात पैशाची अशी निरनिराळी खाती कशी मांडली जातात, यावर त्याने १९८५ मध्ये एक निबंध लिहिला. त्यातील एक प्रयोग या विषयाशी नेमका जुळतो. उन्हात समुद्रकिनाऱ्यावर पडलेल्या माणसाला मित्र विचारतो, बीअर आणतो, किती किंमत झाली तर आणू? बाटली तीच आणि प्यायची जागाही तीच, तो वाळूचा किनारा. तरीही बाटली आलिशान हॉटेलातून येणार म्हटल्यावर लोक साधारण २ डॉलर ६५ सेंट द्यायला तयार झाले; मोडक्या किराणा दुकानातून येणार म्हटल्यावर केवळ दीड डॉलर. हॉटेलचा दिवाणखाना त्या माणसाला दिसणारसुद्धा नव्हता. केवळ नावाने किमतीची कल्पना बदलली. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा विवेक इतका नाजूक असतो. म्हणूनच हा निर्णय किनाऱ्यावर होऊ नये.

काय विकत घ्यायचे?

महागडे जेवण घ्यायचेच ठरले तर दुसरा प्रश्न येतो : त्यात असे काय मिळते जे घरी मिळत नाही? याचे उत्तर पूर्णेच्या माणसाला आपल्याच शिवारात सापडेल. परभणी जिल्हा हा ज्वारीचा मुलूख. कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ज्वारीच्या एका वाणाचे नावच "परभणी मोती" आहे. थंडीत शेतावर गेलेल्या पाहुण्यापुढे आगटीत भाजलेला हुरडा, तिळाची वा शेंगदाण्याची चटणी आणि गूळ ठेवायचा, ही येथील जुनी रीत. त्याचे पैसे मागणे म्हणजे पाहुण्याचा अपमानच. आज तोच हुरडा कृषी पर्यटन केंद्रांवर माणशी दर लावून विकला जातो आणि पुण्या-मुंबईची कुटुंबे तो आनंदाने घेतात. ते फसतात असे म्हणता येणार नाही. त्यांना शेत दुर्मिळ, आगटी दुर्मिळ, म्हणून त्या दुर्मिळतेची ते किंमत मोजतात. परंतु पूर्णेच्या माणसाने गोव्याच्या हॉटेलात जाऊन तांब्याच्या ताटात सजवलेली भाकरी आणि ठेचा हजार रुपयांना घ्यावा, यात मात्र शहाणपण नाही. त्याला दुर्मिळ आहे तो समुद्र आणि ताजी मासळी. आणि मासळी खात नसेल, तर ज्या पदार्थाची कृती घरच्या चुलीवर जमणारी नाही असे काही.

माणशी एकच दर आणि हवे तितके वाढून घ्या, अशा पद्धतीच्या जेवणात आणखी एक मेख असते. सोबतच्या वृद्ध आईला वरणभाताखेरीज काही चालत नाही. धाकट्या मुलाला साडेआठ वाजता झोप येते. दर मात्र चौघांचाही भरावा लागतो. मग "पैसे वसूल" करण्यासाठी बाप भुकेपलीकडे खातो. पहिल्या ताटाने समाधान मिळते, दुसऱ्याने कमी, तिसऱ्याने त्रास होतो. घटत्या उपयोगितेचा सिद्धांत पाठ्यपुस्तकात शिकवणारा शिक्षकही हे ताटावर बसल्यावर विसरतो.

सुट्टी कोणाची?

आता मुख्य मुद्दा. सहलीच्या सर्व हिशेबात एक नोंद कोणाच्याही वहीत सापडत नाही. नोकरदाराला रजा असते, मुलांना सुट्टी असते. घरातील गृहिणीला काय असते? केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दररोज सरासरी २८९ मिनिटे या बिनपगारी कामात घालवितात. घरकाम करणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ८८ मिनिटांचा आहे. जवळजवळ पाच तासांचे हे काम, आणि त्याला रविवार नाही. रजा प्रवास सवलतीच्या कोणत्याही नियमात तिची रजा लिहिलेली नाही. फलाटावरची ती शिदोरीची पिशवीही तिनेच आदल्या रात्री जागून भरलेली असते.

एवढ्यावर हे थांबत नाही. पुष्कळ कुटुंबे सहलीला जाताना गॅसची छोटी शेगडी, डाळ-तांदूळ, पीठ बरोबर नेतात आणि भक्तनिवासात किंवा भाड्याच्या खोलीत स्वयंपाक करतात. "जेवणाचे पैसे वाचले" असे नंतर कौतुकाने सांगितले जाते. ते पैसे वाचले नाहीत. ते एका व्यक्तीने आपल्या सुट्टीतून भरले. पाच दिवस अशी बचत करून सहाव्या दिवशी त्या पैशांतून एक शाही जेवण घेणे हा व्यवहार वरून हौसेचा दिसतो, पण त्याचा बोजा एकीवर पडतो आणि आनंद चौघांत वाटला जातो. याउलट सातही दिवस साध्या खानावळीत जेवून, शेगडी घरीच ठेवून आलेल्या कुटुंबाने एकही महागडे जेवण घेतले नाही तरी त्याची सहल अधिक खरी झाली असे म्हणावे लागेल.

यावर कोणी म्हणेल, मग महागड्या जेवणाला जागाच उरत नाही. तसे नाही. लहान गावातल्या मुलीने एकदा तरी अशा दारातून न बुजता आत जावे, पांढऱ्या चादरीच्या मेजावर आईला बसलेली आणि कोणीतरी तिला अदबीने वाढताना पाहावे, याला मोल आहे. वस्तूंवरील खर्चापेक्षा अनुभवावरील खर्च माणसाला अधिक समाधान देतो, असा निष्कर्ष व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये मांडला होता. नव्या मिक्सरचे अप्रूप महिन्यात संपते. प्रवासातील एखादी संध्याकाळ वर्षानुवर्षे घरात सांगितली जाते. जन्मभर पुढे ढकललेली हौस ही बचत नव्हे, हेही तितकेच खरे. फक्त त्या संध्याकाळची आठवण उरावी, हप्ता उरू नये. कर्ज काढून, पतपेढीतून उचल करून किंवा मुलाच्या शुल्कातून घेतलेले जेवण कितीही रुचकर असले तरी ते पचत नाही.

आणि किमतीवरून आठवणीचे मोजमाप करू नये, याचा धडाही पूर्णेच्या मार्गावरूनच रोज धावतो. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसमध्ये वाटेतील काही स्थानकांवर शीख सेवेकरी प्रवाशांना लंगरचे जेवण वाढतात. डबा कोणता, धर्म कोणता, हे कोणी विचारीत नाही आणि पैसे घेत नाही. त्या गाडीने गेलेला माणूस उत्तरेकडच्या हॉटेलांची नावे विसरतो. खिडकीतून हाती आलेली गरम पोळी आणि भाजी मात्र विसरत नाही. त्या जेवणाला किंमत नाही, पण त्याचे मोल मोठे आहे.

तेव्हा व्यवहार असा असावा. सहलीचा बेत आखताना, पूर्णेतच, घरच्या ओसरीवर बसून ठरवावे की या खेपेस असे एक जेवण घ्यायचे की नाही. घ्यायचे तर त्याची रक्कम वेगळ्या पाकिटात बाजूला काढावी. ती काढल्याने घरातले कोणते काम अडते तेही बोलून घ्यावे. शेगडी न्यायची नाही, हे आधी पक्के करावे, कारण साधी विश्रांती देता येत नसेल तर थाटाच्या मेजवानीचा अधिकार नाही. मग त्या पाकिटाचे काय करायचे हे घरात वर्षभर रांधणाऱ्या व्यक्तीला विचारावे. ती म्हणेल, समुद्रासमोर बसून एकदा जेवू. तर खुशाल जावे, बिल नीट वाचून द्यावे आणि परतताना खंत करू नये. कदाचित ती म्हणेल, त्यापेक्षा सहल एक दिवस वाढवू. तेही उत्तर तितकेच योग्य. तिला प्रथमच कोणी विचारले, याची किंमत मात्र कोणत्याच बिलात येणार नाही.