माया ठेवून शिवलेला कोट

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वैद्यकीय व्यवसायात तर तिचा प्रत्यय रोज येतो. दारावरची पाटी वाचण्याआधी रुग्ण आपला सदरा वाचतो. वेश नीटनेटका असावा याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो नीटनेटकेपणाची किंमत कोणी आणि किती मोजावी, हा.

हा विचार मनात येण्यास एक प्रसंग निमित्त झाला. आपल्या मराठी मंडळींच्या एका स्नेहमेळाव्याच्या निमंत्रणावर ‘सूट किंवा जोधपुरी अपेक्षित’ अशी ओळ छापली होती. कुकटपल्लीत खोली घेऊन राहणारा, मराठवाड्यातून आलेला एक तरुण हाउस सर्जन शेवटच्या रांगेत अवघडून बसला होता. पाने मांडली जात असतानाच तो उठला. मी थांबवले, तेव्हा खाली पाहत म्हणाला, “काका, कोट भाड्याचा आहे. दुकान बंद होण्यापूर्वी परत द्यायचा आहे.” आपल्या माणसांत दोन घास खावेत म्हणून आलेला मुलगा आपल्याच एका छापील ओळीमुळे उपाशी परतला. त्या रात्री मला पुरणपोळी गोड लागली नाही.

मला माझे दिवस आठवले. वडील प्राथमिक शिक्षक. घरात चार भावंडे. मुलाखतीसाठी कोट हवा होता. गावच्या शिंप्याने गडद निळ्या कापडाचा बंद गळ्याचा कोट शिवला आणि वडिलांना सांगितले, “गुरुजी, शिवणीत माया ठेवली आहे. डॉक्टरसाहेब अंगाने भरतील, तेव्हा उसवून घ्या.” तो कोट दोनदा उसवून वाढविला. मुलाखत, बहिणीचे लग्न, परिषदा, पहिल्या दवाखान्याचे उद्घाटन, सर्वत्र तोच अंगावर होता. गळाबंद असल्याने टाय नको आणि आतल्या सदऱ्याची कॉलर विरलेली असली तरी कोणास दिसत नसे!

त्या अनुभवातून तरुण मित्रांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली रंगाची. एकच कोट घ्यायचा असेल तर काळा नको. गडद निळा किंवा गडद राखाडी घ्यावा. तो दिवसा शोभतो, रात्रीही शोभतो आणि इतर रंगांच्या विजारींवरही चालतो. दुसरी गोष्ट विजारीची. कोटापेक्षा विजार आधी झिजते आणि पुढे त्याच छटेचे कापड मिळत नाही. दुहेरी पन्ह्याचे सुमारे सव्वातीन मीटर कापड एका सुटास लागते. त्याच ताग्यातून आणखी सव्वा मीटर घेऊन दुसरी विजार शिवून ठेवावी. तिसरी गोष्ट मापाची. तयार कोट घेताना खांदा आधी पाहावा. कंबर, बाही आणि लांबी थोडक्यात दुरुस्त होते. खांदा उसवणे खर्चाचे आणि बहुधा फसणारे काम आहे. चौथी गोष्ट जोड्यांची. काळ्या नाडीच्या बुटांचा एकच जोड घ्यावा, पण चांगला घ्यावा आणि स्वतः पॉलिश करावा.

हिशेबही मांडून पाहावा. समजा, सहा हजार रुपयांचा कोट वर्षातून वीस वेळा, असा दहा वर्षे वापरला, तर प्रत्येक वेळचा खर्च तीस रुपये पडतो. एका संध्याकाळचे भाडे त्याच्या कितीतरी पट होते.

भगिनींना साडीसारखा मित्र नाही. ती मापात बसत नाही असे कधी होत नाही. माया ठेवायची ती केवळ ब्लाउजमध्ये. आपण ज्या भूमीत स्थिरावलो, तिने तर नारायणपेठ, गदवाल आणि पोचमपल्ली ही तीन माहेरे आपल्यासमोर ठेवली आहेत. बारीक काठाची एक गडद सुती नारायणपेठ परिषदेतही शोभते आणि हळदीकुंकवातही.

रुग्णाच्या खाटेजवळ मात्र वेगळा नियम हवा. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका रुग्णालयात वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे टाय तपासले, तेव्हा ४२ पैकी २० टायांवर रोगकारक जंतू आढळले. सुरक्षारक्षकांच्या दहा टायांपैकी एकावरच. २००७ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने रुग्णसेवेत कोपराखाली हात उघडे ठेवण्याचे आणि टाय टाळण्याचे मार्गदर्शन केले. अर्ध्या बाहीचा, रोज धुता येणारा स्वच्छ सदरा हाच तेथील खरा औपचारिक वेश. तो स्वस्तही आहे.

कोणी म्हणेल, व्यवसायाची प्रतिष्ठा राखावयास काही दंडक हवेतच. मान्य, परंतु प्रतिष्ठा म्हणजे सूट, हे समीकरण आपले नव्हे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात डॉ. आनंदीबाई जोशी साडीत आहेत आणि शेजारी जपानच्या व सीरियाच्या विद्यार्थिनी आपापल्या देशी वेशात बसल्या आहेत. त्या साडीने १८८६ मधील त्यांच्या पदवीची किंमत तसूभरही कमी झाली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही एम्ससह आपल्या अखत्यारीतील संस्थांना पदवीदानाचा काळा झगा व टोपी सोडून, त्या त्या राज्याच्या परंपरेस धरून पोशाख ठरविण्यास सांगितले. शासनाला जे उमगले, ते आपल्या निमंत्रणपत्रिकेला का उमगू नये?

म्हणून ज्येष्ठ सहकाऱ्यांपाशी दोन मागण्या करतो. आपल्या समारंभांच्या निमंत्रणावर वेशाची अट नसावी. ‘स्वच्छ वेशात, सहकुटुंब यावे’ एवढेच पुरे. दुसरे असे की, आपल्या कपाटांत न होणारे चांगले कोट वर्षानुवर्षे डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून आहेत. ते धुऊन, शिंप्याकडून दुरुस्त करून मुलाखतीस निघालेल्या मुलांना द्यावेत. देताना उपकाराचा सूर नको; मोठ्या भावाचा कोट धाकट्याने घालणे ही आपल्या घरांची जुनीच रीत आहे.

माझा निळा कोट मी त्या तरुणाला दिला. माझ्यासाठी वाढविलेला कोट शिंप्याने त्याच्या बेताने पुन्हा आत घेतला. कापड मात्र कापले नाही, शिवणीतच ठेवले. उद्या तो मुलगाही अंगाने भरेल. कोटाला ती माया पुरेल. माणसांच्या शिवणीत ती ठेवणे आपल्या हाती आहे.