आजोबांची फियाट आणि आपलं अज्ञान

वारशात जमीन मिळाली की माणूस सातबारा काढतो. सोनं मिळालं की सोनाराकडं जातो. आणि जुनी गाडी मिळाली की? गल्लीतल्या मेकॅनिकला विचारतो! तिथंच निम्मी वाट लागते.

नांदेड-लातूरकडं जुन्या वाड्यांत, मोंढ्याजवळच्या गोडाऊनमध्ये अजून अशा गाड्या निघतात. कुणा वकिलाची, कुणा आडत्याची फियाट, नाहीतर अँबॅसिडर. वर गोणपाट, आत उंदरांचा संसार. मालक गेलेले, नातवंडं माझ्यासारखी हिंजवडीत कोड बडवत बसलेली. दिवाळीला घरी गेलं की काका म्हणणार, "त्या गाडीचं काहीतरी करून टाक रे बाबा." आणि आपल्याला बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नसतं.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफनं १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक गाजलेला निबंध लिहिला (२००१ मध्ये नोबेल मिळालं). त्यात विकणाऱ्याला खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. आपल्याकडं बरोब्बर उलटं. विकणारे आपण अडाणी, आणि घेणारा आवाजावरून कार्ब्युरेटर ओळखणारा.

तरी माझं मत असं, की यासाठी इंजिन शिकत बसायची गरज नाही. कागद शिका, तेवढं आपल्याला जमतं.

आरसी बुक कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधी तो उस्मानाबादचा (म्हणजे आताच्या धाराशिवचा) भाग. त्यामुळं १९७० च्या गाडीची नोंद एमएच-२४ मध्ये शोधण्यात अर्थ नाही, 'एमएच' ही भानगडच १९८९ च्या पुढची. हातानं लिहिलेली जुनी नोंद 'वाहन' पोर्टलवर बऱ्याचदा नसते, ती आधी चढवून घ्यावी लागते. आपल्या भाषेत डेटा मायग्रेशन :-) मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मग विकताना २९ आणि ३०. "कागदाचं राहू द्या, आम्ही बघतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. अपघात झाला तर नोंदीवर ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

'विंटेज' शब्दाला तर काही धरबंधच राहिला नाही. १९९५ ची पद्मिनी ही नुसती जुनी गाडी. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि फारशी तोडफोड न केलेली गाडीच विंटेज. नव्यानं नोंद करायला २० हजार, १० वर्षांसाठी. आधीची नोंद असेल तर जुना नंबर टिकतो, आणि शौकिनाला त्या नंबराचंच अप्रूप असतं. पण अशी गाडी रोज मोंढ्यात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

टॅक्सचं कुणीच बोलत नाही. एका गृहस्थांनी १९८३ साली १९३१ ची फोर्ड टूरर २० हजारांना घेतली आणि पुढं २१ लाखांना विकली. स्वतःच्या वापराची वस्तू म्हणून नफ्यावर कर नको, असं त्यांचं म्हणणं. पण गाडी वापरल्याचा पुरावा काही देता आला नाही. खटला तीसेक वर्षं चालला आणि २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं कर बसतो असा निकाल दिला. तेव्हा आजोबा गाडीत बसलेत असा लग्नातला फोटो, पेट्रोलच्या पावत्या, इन्शुरन्सचे जुने कागद रद्दीत घालू नका. चांगला भाव आला तर सीएला आधीच गाठा.

गाडीला मात्र हात लावू नका. रंग तर अजिबात देऊ नका! मेकॅनिक सांगेल, "नवा कलर मारा साहेब, लई भाव येतोय." घेणाऱ्याला मूळ रंगाखालचा मूळ पत्रा बघायचा असतो. आणि आपला पत्रा मुंबईच्या खाऱ्या हवेतल्यापेक्षा बरा असतो. ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं गंज तरी कुठून येणार? इंजिन नंबर, चॅसिस नंबर आरसीशी जुळवून त्यांचे फोटो काढा, बस. वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन पोरासोरांना किल्ली मारून बघू देऊ नका.

भावाचं विचाराल तर पहिल्या येणाऱ्याला कधीच विकू नका. त्याला नुसतं बोलू द्या. तो डॅशबोर्डला नावं ठेवेल, बंपर बदललाय म्हणेल, हेडलाईटची काच मूळची नाही म्हणेल... सगळं लिहून घ्या. दुसरा आला की तीच यादी त्याच्यापुढं वाचा. तिसऱ्यापर्यंत तुम्हीच त्याला सांगायला लागता की बघा, ही काच मूळची आहे. फुकटात क्लास!

अमेरिकेतला चुलतभाऊ फोनवर म्हणेल, "विकू नका रे, आजोबांची आठवण आहे." त्याला गोडाऊनच्या भाड्याचा अकाउंट नंबर पाठवा.

आणि हो, सौदा व्हायच्या आधी डिकी एकदा उपसून बघा. जॅक, हँडल, मूळ पाने, कंपनीचं माहितीपुस्तक... भंगारवाला हे किलोवर नेतो, शौकीन वेगळे पैसे मोजतो.